चित्रशाळेतून परत आणलेला पाट

पार्से, चवथ, १९९६

वास्कोच्या थोरल्या काकांना,

नमस्कार लिहवत नाही. हे पत्र मी टाकणारही नाही.

केमो संपून सहा महिने झाले आणि स्कॅनमध्ये माझ्या छातीत पुन्हा सावली दिसली. “घाई नको, महिन्याभराने परत बघू,” असे डॉक्टर सांगत होते. तुम्ही ‘सावली’ एवढेच ऐकून उठलात. पोर चवथीपर्यंत टिकत नाही, घरात सुतक येणार, असे धरून तुम्ही गणपतीच्या मूर्तीसाठी मूर्तिकाराच्या चित्रशाळेत दिलेला घरचा पाट परत आणलात आणि वास्को गाठलेत. तो पाट मला माझ्याच खाटेखाली सापडला.

परवा दुसरा स्कॅन झाला. डॉक्टर हसून म्हणाले, “रोग नव्हे गो. ही थायमस ग्रंथी. केमोने आक्रसते, तरुण अंगात पुन्हा जोमाने वाढते. आपोआप लहान होईल.”

बाबा पाट घेऊन चित्रशाळेत धावले. एकही मूर्ती उरली नव्हती.

आज गावभर आरतीची घुमटं वाजताहेत. आमच्याच घरात गणपती नाही, हे बघून शेजारची सुमंगलाकाकी दारातच थबकली.

“सुतक कोणाचं गो?”

मी म्हटले, “माझंच.”

तुमची जिवंत पुतणी,
संजना