ड्रायव्हरशेजारचं दार

दि. ५ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खोकल्याबद्दल एक ओळ आणि शेजारच्या मांजरीबद्दल दीड पान लिहिलंत, त्यावरूनच खोकला वाढलाय हे मी ओळखलं. औषध वेळेवर घ्या. मांजर तुमच्यावाचून उपाशी मरणार नाही.

इकडची बातमी अशी, की परवा बाबा दुसऱ्याच्याच गाडीत जाऊन बसले. मी औषधाच्या दुकानातून बाहेर आले तर आपली गाडी रिकामी. दोन गाड्या पलीकडे तशाच राखाडी गाडीत बाबा पट्टा लावून बसलेले, आणि तिचे मालक बिचारे बाहेर ताटकळत उभे. घरी येताना बाबा म्हणाले, की हल्ली सगळ्या कंपन्या एकाच रंगाच्या गाड्या काढतात. मी हो म्हटलं. पण तेव्हापासून ते बाहेर पडायचंच टाळतात. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस आता माझा दंड धरून गाडीपर्यंत येतो, आणि ते त्यांना आतून लागतं. डॉक्टर म्हणाले, नजर आणखी उतरेल, पण ठळक रंग काही दिवस कळत राहतील.

म्हणून गाडी पिवळी करायची ठरवलीय. बाबांना सांगितलंय, की मला राखाडीचा कंटाळा आला. आताचा राखाडी तुमच्या हातचा, त्यावर ते परक्याची रंग फवारायची गन चालू देणार नाहीत, आणि तुम्हाला डॉक्टरांनी रंगाच्या वासाजवळ फिरकायला बंदी केलेली. तेव्हा हात माझे, अक्कल तुमची.

मी जिथे कवळ्या बनवते त्या दातांच्या दवाखान्यातला जुना कॉम्प्रेसर मला मिळालाय. टाकी तीस लिटरची. दुकानदार एक मोठी चकचकीत गन गळ्यात मारायला बघतोय. घेऊ का?

खोकला कमी आणि माया जास्त करावी, ही विनंती.

तुमची,
ठिणगी

---

दि. १४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

दादा परक्याच्या गाडीत पट्टा लावून बसला हे वाचून आधी हसलो, मग जत्रा आठवली. लहानपणी मी जत्रेत हरवलो तर हाच मला शोधून आणायचा.

आता कामाचं. मोठी गन मुळीच घेऊ नकोस. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी टाकी पाहून गन घ्यावी. मोठी गन अर्ध्या दारातच तुझी टाकी रिकामी करील. मग दाब पडतो, रंग फवाऱ्याऐवजी थेंबाथेंबाने बसतो आणि पत्रा संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. वर कप असलेली, बारीक तोंडाची लहान गन घे. एका वेळी एकच पत्रा रंगव, टाकी भरू दे, तोवर चहा पी. साधा पिवळा आहे, चमकीचा नाही, म्हणून तुकड्या-तुकड्याने केलास तरी जोड दिसायचा नाही. टपासाठी मात्र कोणाचा तरी मोठा कॉम्प्रेसर एक दिवस मागून आण.

हवेतलं पाणी गाळणारी बाटली कॉम्प्रेसरपाशी बसवू नकोस, गनच्या बाजूला बसव. हवा गरम निघते, नळीत गार होते आणि तिथे पाणी सोडते. रंग ओतण्याआधी नुसती हवा आरशावर मार. आरसा ओला झाला तर त्या दिवशी काम बंद.

हार्डनर मिसळायचा रंग घरात आणायचा नाही, त्याची वाफ विषारी. एकाच डब्यातला घे, दारं-खिडक्या उघड्या ठेव आणि कोळशाचा मास्क लाव. मी तीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून रंग मारला, मास्क लावणाऱ्यांना हसलो, आणि आज सहा पायऱ्यांवर दोनदा थांबतो. हे मी दादालाही कधी धड सांगितलं नाही. मास्क घेतल्याची पावती पत्रात घालून पाठव, तोवर पुढचं काही शिकवणार नाही.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे. तूही थोडा लाव स्वतःला.

काका

---

दि. १० मार्च

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पावती मिळाली असेलच. बॉनेट झकास झालं, डिकीही झाली, मागची दोन्ही दारं झाली. आरसा कोरडा होता. आईच्या कपाटातला घेतला होता म्हणून बोलणी खाल्ली, पण कोरडा होता.

मग ड्रायव्हरशेजारचं दार घेतलं आणि रंग फाटला. रंगाचा हात बसता बसता ठिकठिकाणी बारीक गोल खड्डे पडले, तुम्ही माशाचे डोळे म्हणता तसे. पाणी नाही, तेल नाही, मला काही कळेना. तेवढ्यात बाबांच्या खांद्यावर पॉलिशचं फडकं दिसलं. मी चहाला आत गेले तेव्हा त्यांनी दारावरून हात फिरवला, धूळ लागली असं वाटलं, आणि रोज सकाळी पुसतात तसं ते दार प्रेमाने पुसून ठेवलं; पॉलिशवर रंग धरणार कसा?

काका, मी त्यांना फार बोलले. दिसत नाही तर हात कशाला लावता, इथवर बोलले. त्यांनी फडक्याची नीट घडी घातली आणि आत गेले. जेवताना मी माफी मागितली, तर म्हणाले, भाजीत मीठ बरोबर आहे. तेव्हापासून मला चैन नाही.

महिनाअखेरीस सुट्टी आहे. तेव्हा ते दार घासून पुन्हा रंगवीन. पॉलिश कशाने काढू ते कळवा, आणि वडिलांना असं बोलणाऱ्या मुलीवरही माया राहू द्या.

ठिणगी

---

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अक्षर मोठं आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. समजून घे. पानावर सहाच ओळी मावतात.

पिवळा रंग कशासाठी, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. पोरीला वाटतं मला माहीत नाही. तसंच वाटू दे. खरी गोष्ट अशी, की मला पिवळा आता दिसत नाही. भर उन्हात थोडं काही उजळ वाटतं, एवढंच. तिने महिनाभर सुट्ट्या घालवल्यात, तिला हे कसं सांगू?

पण गंमत ऐक. काल दुपारी ती कामावर असताना किल्ली घेऊन एकटाच बाहेर पडलो. रांगेतल्या गाड्यांवरून तळहात फिरवत गेलो. तीन गाड्या गुळगुळीत लागल्या. चौथीच्या दाराला खड्डे लागले. शिंप्याच्या बोटांना शिवण शोधायला डोळे लागत नाहीत. दार उघडून आत बसलो. आपलीच गाडी.

आता ती ते दार घासणार म्हणते. मी नको म्हटलं तर कारण विचारील. तू कारागीर आहेस, तुझं ऐकेल. काहीतरी थाप मार. मला उलट उत्तर पाठवू नकोस, माझी पत्रं तीच वाचून दाखवते.

छाती सांभाळ. तू हे कधी सांगितलं नाहीस, पण फोनवर मला तुझा श्वास ऐकू येतो.

दादा

---

दि. २३ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

ते दार घासू नकोस.

थाप मारायला बसलो होतो. रंग मुरू द्यावा लागतो वगैरे चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या, कारण तू दुसऱ्या ओळीला मला पकडशील. तेव्हा कारण न देताच सांगतो. जन्मभर असे खड्डे घासून काढले, आज पहिल्यांदाच त्यांची वकिली करतोय. त्या दारावर नवा थर नको, पॉलिशही नको. बाकी गाडी गुळगुळीत कर.

आणि दादाचा तुझ्यावर राग नाही. असता तर भाजी खारट म्हणाला असता.

या म्हाताऱ्याचं एवढं ऐक, आणि लळा सोडू नकोस.

काका

---

दि. ६ एप्रिल

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

टप झाला, गाडी पुरी झाली. दार तसंच ठेवलंय. शेजारचे येऊन सांगतात, की एवढी छान गाडी रंगवलीस आणि हेच दार कसं बिघडलं. मी म्हणते, ते काकांनी सांगितलंय.

तुम्हाला कारण विचारत नाही. तुम्हीही सांगू नका. बाबांना विचारलं, पिवळा कसा वाटतो. म्हणाले, झकास, लांबूनसुद्धा ओळखू येतो. मी हो म्हटलं. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

काल त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी घरभर किल्ल्या शोधत होते आणि बाबांना हाका मारत होते. ते केव्हाच एकटे जाऊन गाडीत बसले होते, किल्ल्या घेऊन, आणि उशीर झाला म्हणून माझ्या नावाने हॉर्न वाजवत होते.

तुमच्या मायेतच असलेली,
ठिणगी