तुझा डबा आणि मागची सीट

आई, तुझा स्टीलचा डबा विमा कंपनीच्या ताब्यात आहे आणि एवढ्या मोठ्या देशात या घोर अन्यायाची दाद मागायला एक खिडकी नाही. तोच, तुझं नाव कोरलेला, हट्टी झाकणाचा. अपघाताची चौकशी संपेपर्यंत विमानातल्या कशालाही हात लावायचा नाही म्हणे. मी फोनवर सांगितलं, आत चकल्या आहेत, मऊ पडतील. पलीकडच्या बाईने फार सहानुभूतीने विचारलं, ते औषध आहे का? हो म्हणायला हवं होतं.

घाबरू नकोस, आम्ही धड आहोत. विमान इथल्या फ्लाइंग क्लबचं, चार सीटचं, आपल्या जुन्या फियाटएवढं. चालवत होती तुझी नात, जिला तू पाहिलंच नाहीस. शॉमबर्गच्या मैत्रिणीकडे मी डबाभर लाडू नेले होते. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून तिने चकल्या भरून दिल्या आणि आम्ही मायलेकी संध्याकाळी घरी, ईडन प्रेरीकडे परत निघालो. बर्फ रात्री उशिरा येणार होता, तो लवकर आला. उतरताना दिवे दिसत होते, धावपट्टी दिसत नव्हती. चाकं टेकली, मी "पोचलो बाई" म्हणाले, आणि विमान ओल्या मोरीतल्या साबणासारखं डावीकडे सटकलं. कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबलं. पुढचा पंखा वाकला. पोरीने आधी सगळी बटणं बंद केली, मग माझा पट्टा सोडवून मला बाहेर ओढलं. "आई, आर यू ओके? से समथिंग!" गुडघाभर बर्फात उभी राहून मी म्हणाले, "अगं, डबा आत राहिला!"

दुसऱ्या दिवसापासून इथल्या मराठी मंडळातली माणसं समाचाराला येताहेत. एक काका माझाच चहा पीत मला म्हणाले, "मुलीच्या जातीला इतकं चढवायचं कशाला?" त्यांच्या चिरंजीवांनी गाडी गराजच्या बंद दारातून आरपार नेली, तेव्हा मुलाच्या जातीबद्दल काही निघालं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. काकूंना ठसका लागला. तुझा जावई एरवी शहाणा, पण तोही म्हणाला, "बास आता. उडायचंच असेल तर कॉम्प्युटरवर उडव म्हणावं." या सगळ्यांना मी पुरून उरले असते. पण पोरगीच म्हणाली, "आय ॲम डन, आई. तू होतीस बाजूला. मला नाही जमणार परत."

तिथे मला तू आठवलीस. मी लूना घेऊन धरमपेठेतल्या नाल्याशी आपटले होते. कोपरं सोललेली, हेडलाइट फुटलेला. बाबा अंगणातूनच ओरडताहेत, उद्याच विकतो ही गाडी! तू माझ्या कोपरांना हळद लावलीस, पिशवी घेतलीस आणि चपला घालत म्हणालीस, "चल, बर्डीवर ने मला. मेथी आणायची आहे." घरात मेथीची जुडी होती, मी पाहिली होती. तू मागे एका अंगाला बसलीस. बाबा बघत राहिले. सबंध रस्ता तुझी बोटं माझ्या खांद्यात रुतलेली. मला वाटलं, आई धीर देतेय.

म्हणून मीही पोरीला भाषण दिलं नाही. क्लबचा नियम असा की अपघातानंतर आधी शिक्षकाला शेजारी बसवून उडायचं. मी त्या शिक्षकाला फोन करून विचारलं, क्लबच्या दुसऱ्या विमानात मागची सीट रिकामी असते ना? मग शनिवारी सकाळी जाकीट चढवलं आणि तिला म्हणाले, "चल, मला वर ने. नदी गोठली का बघायची आहे."

"आई, नदी इथून दिसते. खिडकीतून."

"खिडकीतून मला नीट दिसत नाही."

 ती बूट शोधायला गेली. तुझा जावई काही बोलणार होता, मी त्याच्या हातात कुकर दिला.

बाहेर कडक ऊन होतं. धावपट्टी काळी, कोरडी. ती उडाली, वळली, आणि पिसासारखी उतरली. शिक्षक म्हणाला, "नाइस." मी मागून म्हणाले, "आता परत एकदा." ती हसली, त्या रात्रीनंतर पहिल्यांदा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे इथेच. नदीबद्दल तिने विचारलं तेव्हा मी गोठली आहे म्हणून सांगितलं. मला माहीत नाही. दोन्ही वेळा मी तिच्या सीटची कड धरून डोळे गच्च मिटले होते.

तिला सांगितलं नाही. तूही मला सांगितलं नव्हतंस.