न झिजलेले बूट

प्रिय ठकू,

या नावाने तुला हाक मारण्याचा अधिकार तुझ्या आईचा होता. तो मी आज तिला न विचारता वापरतो आहे. तू केळी आणि सेफ्टी पिना आणायला बाहेर पडलीस, त्याला दहा मिनिटे झाली. जिन्यात तुझा फोन वाजला आणि तू आवाज खाली करून, "रविवार होऊ दे, मग सांगू त्यांना," असे म्हणालीस, तेही मी ऐकले. मी मुद्दाम ऐकले नाही. दार उघडे होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या बापाने मुलीला पत्र लिहावे, हे विचित्र दिसते याची मला जाणीव आहे. पण समोरासमोर मला फक्त चौकशी करता येते. बोलणे हे खाते पहिल्यापासून तुझ्या आईकडे होते.

सकाळी तू यादी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. एवढी बॅग तपासून ठेवा." तुमच्या धावण्याच्या गटाचे प्रमुख, म्हणजे ते दंतवैद्य, ज्यांना तुम्ही सगळे कप्तान म्हणता, त्यांनी ती यादी टंकून सर्वांना दिली आहे. एकोणीस बाबी आहेत. उद्या सकाळी साडेसहाला त्यांच्या दवाखान्यासमोरून बस, परवा दुपारी छातीवर लावायचे क्रमांक घ्यायचे, रविवारी पहाटे समुद्राकाठच्या रस्त्यावर एकवीस किलोमीटर. टाळ्या वाजवण्याच्या कामगिरीवर मलाही एक जागा दिली आहे. मोजे दोन जोड, टोपी, व्हॅसलीन, मिठाच्या गोळ्या, पायाच्या बोटांना लावायच्या पट्ट्या, असे करत मी चौदाव्या बाबीपर्यंत निर्वेध पोहोचलो. पंधरावी बाब बूट. तिथे मी थांबलो आहे, आणि हे पत्र लिहीत आहे.

वजन-मापे निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षे नोकरी केली. दुकानात गेलो की आधी तराजूच्या पारड्याखाली हात घालायचा, मग मालकाचा नमस्कार घ्यायचा, ही सवय. घरी आणलेली भाजी मी पुन्हा तोलत असे, त्यावर तुझी आई म्हणायची, "मलाही एकदा तोलून पाहा, लग्नात फसवलं असेल तर परत करता येईल." तेव्हा तू समजून घे की तुझे बूट हातात आल्यावर मी ते उलटे करून पाहिले, यात तुझ्यावरचा अविश्वास कमी आणि हाताची खोड जास्त होती. तळाच्या खाचा मी कॅलिपरने मोजल्या. चार महिन्यांपूर्वी बूट घरी आले त्या दिवशीही मोजल्या होत्या. तू हसली होतीस. त्या दिवशी तीन मिलिमीटर होत्या. आज दोन पूर्णांक नऊ दशांश आहेत. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज निदान आठ किलोमीटर, असे तू सांगत आलीस. एवढ्या धावण्याने टाचेची बाहेरची कड अर्धी उरायला हवी. दुसरा जोड असेल, अशी शंका मी स्वतःच काढली आणि कपाट, गच्ची, जिन्याखालची जागा पाहून स्वतःच रद्द केली. हे बूट धावलेले नाहीत, ठकू. मग तू रोज सकाळी दीड तास जातेस कुठे?

आणि मी घाबरलो आहे, कारण असे बूट मी पूर्वी एकदा पाहिले आहेत.

तुझी आई पंचावन्नाव्या वर्षी धावायला लागली, तेव्हा तू परगावी होतीस, म्हणून ही हकिकत तुला तिच्या तोंडून, म्हणजे तिखटमीठ लावून, ठाऊक आहे. खरी अशी. पहिल्या महिन्यात ती घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, "आज पुरते दहा किलोमीटर झाले." मी म्हणालो, कशावरून? दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून ते दांड्याला लावलेले अंतर मोजायचे चाक मागून आणले आणि तिचा सगळा रस्ता, बेकरी, शाळेची भिंत, पुलाखालचा उतार, घराच्या फाटकापर्यंत, ढकलत मोजून आलो. नऊ किलोमीटर सहाशे चाळीस मीटर भरले. तसे मी तिला सांगितले. दुसऱ्या कुठल्या बाईने चाक माझ्या डोक्यात घातले असते. ही मात्र त्या दिवसापासून रोज फाटकाशी न थांबता पुढे कोपऱ्यापर्यंत धावायची आणि परत यायची, म्हणजे राहिलेले तीनशे साठ मीटर भरायचे. मी गच्चीत चहा घेऊन उभा असायचो. खालून जाताना ती हात वर करून ओरडायची, "लिहून घ्या, साहेब! दहा!" मी खरोखरच लिहून घेत असे.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तू तिचे कपडे आणि बूट कुणाला तरी द्यायला काढलेस. तिचा शेवटचा जोड माझ्या हातात आला आणि हाताने आपले काम केले. पाच महिने वापरलेला जोड, आणि खाचा जवळपास नव्या. त्या आधीचा जोड त्याच जातीचा, तेवढेच महिने वापरलेला, टाचेशी पार सपाट. मनात पाल चुकचुकली. बूट मी देऊ दिले नाहीत, ते माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. दुसऱ्या सकाळी मी कप्तानांकडे गेलो, दाढ दुखते असे खोटे सांगून. त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला आणि म्हणाले, "दाढ शाबूत आहे. काय विचारायचं ते विचारा." माणूस हुशार आहे. मी विचारले. त्यांनी बराच वेळ हात धुतले आणि मग सांगितले की शेवटचे ते सारे महिने वहिनी धावतच नव्हत्या. बेकरीसमोरच्या बाकापर्यंत चालत यायच्या आणि म्हणायच्या, "आज तुमच्या किल्ल्या मी सांभाळते." अकरा जणांच्या घरांच्या आणि गाड्यांच्या किल्ल्या ओढणीत बांधून ती दीड तास तिथे बसायची. मंडळी परतली की चेहऱ्यावर पाणी मारून, केस ओले करून घरी यायची. मला न सांगण्याची तिने सर्वांना शपथ घातली होती. "त्यांना कळलं तर ते माझा आजारही मोजायला घेतील," असे ती म्हणाली होती. हे सांगताना कप्तान हसले, आणि मग हसता हसता तोंड फिरवून पुन्हा हात धुऊ लागले.

तुला हे सर्व माहीत होते. नाकारू नकोस, आणि मनाला लावूनही घेऊ नकोस. या शर्यतीसाठी तिने भरलेला पहिला अर्ज तिच्या पाकिटात सापडला. आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात आधी माझा क्रमांक होता. तो खोडून तिने तुझा लिहिला होता. तिने तुला विश्वासात घेतले, मला नाही. त्याचा राग मी काही आठवडे केला आणि मग थकून सोडून दिला. पुढे तू तिचा प्रवेश आपल्या नावावर करून घेतलास, नोकरीचे काम इथूनच करू लागलीस, नवे बूट आणलेस आणि म्हणालीस, "आईची शर्यत मी पुरी करते." मला ते बरे वाटले. रोज सकाळी तू बाहेर पडायचीस, तेव्हा ती गेल्यानंतर प्रथमच मी गच्चीत चहा घेऊ लागलो होतो.

आता आज तपासणीत जे समोर आले ते क्रमाने मांडतो. सवय जात नाही. तू परत येतेस तेव्हा तुझे केस ओले असतात, पण पाठ कोरडी असते. धावून आलेले माणूस आधी पाणी मागते. तू आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतेस. तुझ्या अर्जाची प्रत याच बॅगेत आहे. आपत्कालीन संपर्क म्हणून तिथे कप्तानांचा क्रमांक आहे. या घरात दोन माणसे राहतात, ठकू, आणि त्यांतले एक मी आहे. शिवाय पुढच्या मंगळवारी, म्हणजे परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तू रजा टाकली आहेस. विचारल्यावर म्हणालीस, "पाय दुखतील ना, बाबा." एकवीस किलोमीटर न धावता पाय दुखणार असतील, तर ते कोणत्या कारणाने, हे मला समजून घ्यायचे आहे.

आईच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना बाहेर बोलावून सांगितले होते की हा आजार कधी कधी घराण्यात उतरतो, मुलीने तपासून घेतलेले बरे. तू आठ दिवसांनी म्हणालीस, "झाली तपासणी, सगळं ठीक आहे." मी मान डोलावली. एकतीस वर्षांत कोणत्याही दुकानदाराचे 'सगळं ठीक आहे' मी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय मान्य केले नाही. तुझा अहवाल मी आजपर्यंत पाहिलेला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे मला कळते. कदाचित हे नुसते ताकच असेल. कदाचित तू त्याच बाकावर जाऊन बसत असशील, आणि धावण्याऐवजी रडत असशील, आणि ते मला दिसू नये म्हणून चेहऱ्यावर पाणी मारत असशील. तसे असेल तर माझ्याइतका सुखी बाप या गल्लीत शोधून सापडणार नाही. परवाच्या, म्हणजे गेल्या मंगळवारी मी तुझ्या मागोमाग फाटकापर्यंत आलो होतो. अचानक तपासणी, ज्यात मी नाव कमावले. कोपऱ्यापर्यंत गेलो असतो तर सर्व काही दिसले असते. मी परत फिरलो. घरी येऊन चपला काढल्या आणि बराच वेळ दारातच बसलो.

का परत फिरलो ते सांगतो. हे मी कप्तानांना सांगितलेले नाही, कोणालाच नाही. तुझ्या आईचे न धावणे मला तिच्या मृत्यूनंतर बुटांवरून कळले, असे मी वर लिहिले आहे. ते खरे नाही. बुटांनी फक्त शिक्का मारला. मी रोज गच्चीत होतो. सुरुवातीचे काही महिने कोपऱ्यापर्यंतचे तेवढे ती धावून दाखवायची. मग एके दिवशी ती फाटकाशीच थांबली आणि आत आली. कोपऱ्यापर्यंत गेली नाही. हात वर केला नाही. मी वहीत लिहिले: 'आज कोपरा नाही.' दुसऱ्या दिवशीही लिहिले. त्या वहीत अशा सत्तेचाळीस नोंदी आहेत, एकाही दिवसाचा खाडा नाही. सत्तेचाळीस सकाळी ती जिना चढून वर आली, मी चहाचा पेला तिच्या हाती दिला, आणि कोपरा का नाही, एवढे तीन शब्द विचारले नाहीत. विचारले असते तर उत्तर आले असते, आणि उत्तराची मला भीती वाटत होती. तिने लपवले असे तुम्ही सर्व समजता. ती तर रोज माझ्या डोळ्यांसमोर तीनशे साठ मीटर कमी धावत होती, ठकू. ज्या नवऱ्याने चाक ढकलून ते अंतर मोजले होते, त्याच्या समोर. याहून स्पष्ट ती काय सांगणार होती?

म्हणून हे पत्र. मला तुझी पाळत ठेवायची नाही, खाचा मोजायच्या नाहीत, कप्तानांकडे खोटी दाढ घेऊन जायचे नाही. रविवार होऊ द्यायचा नाही. मी तुला विचारतो आहे. तू बरी आहेस का? तपासणी झाली का, आणि तीत काय निघाले? उत्तर कसेही असो, मंगळवारी जिथे जायचे आहे तिथे रांगेत मी उभा राहीन. रांगेत उभे राहणे मला उत्तम जमते. हे पत्र तुझ्या डाव्या बुटात ठेवतो आहे, अर्धे बाहेर दिसेल असे. यादीतल्या पंधराव्या बाबीसमोर मी खूण केलेली नाही. तू आलीस की मी गच्चीत असेन. चहा दोघांचा टाकला आहे. वर ये आणि सांग. मी वही खाली ठेवून आलो आहे.

तुझाच, या वेळी विचारणारा,
बाबा