काकूंचा रुमालातला फोन

भातकुली, मंगळवार, संध्याकाळ

आज नेटवर्कचा वेग मोजत गावात हिंडलो. चहा दिला त्या काकू म्हणाल्या, "भाऊ, लेकाचं तोंड दिवाळीपासून नाई पाह्यलं. व्हिडिओ लागतच नाई, म्हणून नेट बंदच ठेवतो आमी." फोन रुमालात बांधून ठेवलेला.

अकोल्याच्या साहेबांना फोनवर सांगितलं. म्हणे, "त्या टॉवरवर कोणी नेट वापरतच नाही. वापराचे आकडे पाहणाऱ्या कंप्युटर मॉडेलच्या हिशेबानं तिथं क्षमता वाढवायची गरज नाही. यंदा कोणते टॉवर वाढवायचे ते ठरून गेलं. तू वेग मोज, अक्कल नको लावू."

पण लागत नाही म्हणूनच तर लोकांनी वापरणं सोडलं. हे मॉडेलले कोण सांगन?

निघताना काकूंना म्हणालो, "नाही लागला तरी व्हिडिओ रोज लावत जा, म्हणजे वापर कंपनीले दिसन."

"मंग लागन का?"

मी हो म्हटलं. कावून म्हटलं? आता त्या रोज रुमाल सोडतील.