पेशींना रविवार नसतो

४ मार्च, सोमवार
‘एक आत ठेवू, बाकीचे झोपू देत,’ अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. माझे चार गर्भ तेव्हा त्यांच्या काचेत होते, पाच दिवसांचे. आत ठेवलेला राहिला नाही. गोठवून ठेवलेल्या उरलेल्या तिघांची हिंमत आम्हाला झाली नाही.
आज प्रयोगशाळेतल्या नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते वाक्य आठवलं, कारण इथलं कपाटही तसंच आहे, सदतीस अंशांच्या उबेचं. पण आठवून वाईट नाही वाटलं. जागा छान आहे. माझ्या टेबलाला खिडकी आहे. अठरा वर्षं इथं असलेल्या बाईंना सगळे आत्या म्हणतात, प्रमुख डॉक्टरसुद्धा. आत्यांनी सांगितलं, पेशींना रविवार नसतो. रोज त्यांच्या काचेच्या बशीतलं जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. पाणी गुलाबीचं पिवळं झालं, की खाऊन झालं, पुन्हा भूक लागली. मी म्हटलं, म्हणजे सासरच की. आत्या टेबलाला धरून हसल्या.

९ मार्च
आज वाटणी शिकले. पेशींचे पुंजके वाढून एकमेकांना भिडले, की काचेच्या बारीक सुईनं तुकडे करायचे, काही नव्या बशीत, बाकीचे मारायला ब्लीचमध्ये. माझ्याकडे एकोणीस नंबरची लाइन दिली आहे, म्हणजे एकाच गर्भापासून दहा वर्षं वाढत आलेल्या पेशी. हिला मरण नाही, आपणच मरू, असं आत्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावर हिच्यापासून हृदयाचा स्नायू बनवतात. तो बशीत धडधडताना पाहिला. उद्या कुणाच्या निकामी हृदयाला त्याचं ठिगळ लागेल, म्हणे. मला भरून आलं.

१७ मार्च
रविवार, माझी पाळी. वरच्या मजल्यावरच्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात, हृदय नाही की हाड नाही. त्या धडधडत नाहीत. आज एकोणीसच्या बशीत एक पुंजका हलत होता. मी उठून लांब गेले, आत्यांनी भिंगातून पाहिलं: थांबला. परत आले: सुरू. आत्यांनी मोजले, मिनिटाला चौऱ्याहत्तर. मग माझं मनगट धरलं. चौऱ्याहत्तर.
प्रमुख डॉक्टर लहान मुलासारखे खूश झाले.

२२ मार्च
जुन्या वह्या संगणकावर उतरवायचं काम आत्यांनी दिलं. एकोणीसच्या पहिल्या पानावर कुणीतरी आळसानं दवाखान्याची मूळ चिठ्ठीच चिकटवली आहे. नावं काळ्या शाईनं खोडलेली. फाइल नंबर तेवढा खोडायचा राहिला.
२३१६.
तीन वर्षं तो नंबर मी त्या दवाखान्याच्या प्रत्येक खिडकीवर सांगत होते.

२३ मार्च
नवऱ्याला विचारलं. उरलेल्या गर्भांचं काय करायचं, त्या कागदावर दोन चौकोन होते, नष्ट करा आणि संशोधनाला द्या. मी रडत होते, तूच भर म्हणाले होते. अकरा वर्षं मला वाटत होतं, ते गेले. तो चष्मा पुसू लागला. वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडतील, असं वाटलं, म्हणाला. तुला सांगणार होतो, म्हणाला.
वाईट माणूस नाही तो. रोज सुईनं कापत होते ती मी.

२८ मार्च
चार दिवस रजा घेतली. आज आत्यांचा फोन. एकोणीसचं पाणी गुलाबीच राहतंय, पोरं काही खात नाहीत, ये बाई. पोरं म्हणाल्या.
गेले. तासाभरात सगळ्या बशा पिवळ्या झाल्या.

२ एप्रिल
आत्या जेवायला गेल्यावर एकोणीसच्या अकराही बशांत ब्लीच ओतलं. शेवटच्या बशीत ओतलं आणि माझा श्वास थांबला. जमिनीवर डोळे उघडले तेव्हा आत्या मनगट चाचपत होत्या. त्यांना नाडी सापडत नव्हती.
डॉक्टर रागावले नाहीत. टाकीत एकोणीसच्या आठशे गोठवलेल्या कुप्या आहेत, म्हणाले. एक काढली.

८ एप्रिल
नव्या बशा. सगळ्या चालू. इतर शहरांतल्या, देशांतल्या चाळीस प्रयोगशाळांना ही लाइन दिलेली आहे. आज तिघांनी कळवलं — काहीच न झालेल्या पेशी आपोआप —
सगळ्यांचा आकडा चौऱ्याहत्तर.

११ एप्रिल
जिने धावत चढले. मुद्दाम. नाडी एकशे दहा. बशीतही.
कपाटाजवळ माझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. मऊ. नोकरी कायम झाली. रजा मात्र नाही. आत्या आता माझ्याकडे पाहत नाहीत. त्याही सुई धरतात —
कापतात तेव्हा मला कळतं. बरोबर कुठे ते.

१३ एप्रिल, शनिवार
डॉक्टर, हे पान फाडून तुमच्या टेबलावर ठेवते. नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते. उद्या रविवार आहे. एकोणीसला उद्या कुणी पाणी घालू नका. टाकीचं झाकण उघडा, कुप्या वितळू देत. त्या चाळीस जणांनाही सांगा. माझं काय व्हायचं ते होईल, ते तुम्ही मनावर घेऊ नका. बाकीच्यांना झोपू द्या. इतकी वर्षं जागी आहेत ती पोरं. एकदा तरी झोपू —