जंतावर फोडलेलं खापर

प्रिय सोन्या,

प्रिय लिहायला हात धजत नव्हता. पण पोटचा गोळा आहेस, दुसरं काय लिहू?

सूनबाई वाचली. काल तिच्या घशातली नळी काढली. तू फोनवर म्हणालास, डॉक्टरच सांगतायत की जंतामुळे झालं, मग माझा काय दोष? आई, तू पोलिसांना फक्त एवढंच सांग, की ती बाथरूममध्ये घसरून पडली. वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अरे, जंतांचं तू मला सांगतोस? उभा जन्म कत्तलखान्यात कलेज्या धुण्यात गेला माझा. मेंढीच्या कलेजीत पाण्याची गाठ दिसली की आम्ही सुरी बाजूला ठेवतो. फोडायची नाही, कुत्र्यांपुढे टाकायची नाही, अख्खी कलेजी भट्टीत. नवीन आलेली एखादी खसकन सुरी घालते, पाणी तोंडावर उडतं, आणि मुकादम तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. ती गाठ जंताची. कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात जंत वाढतात, आणि त्यांची अंडी माणसात येतात. सूनबाईचं लहानपण कुत्र्यांच्या गळ्यात गळा घालून गेलं, तेव्हाच लागण झाली असणार.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. अंगात आपले राखणदार असतात, परकं काही शिरलं की तुटून पडतात. पण हा जंत महाबिलंदर. स्वतःभोवती जाड पिशवी करतो आणि असं काही पाझरवत राहतो की राखणदार पेंगतात. शरीरही त्याच्याभोवती कुंपण घालतं आणि नाद सोडतं. तू तुझ्या घरी, मी माझ्या. अशी वर्षं गेली, तिला पत्ताही नाही. पण राखणदार विसरलेले नसतात हं, थोडं थोडं पाझरलेलं ओळखून डूख धरून बसलेले असतात. पिशवी फुटून ते पाणी एकदम रक्तात गेलं की पिसाळतात. मग जंत राहतो बाजूला आणि हे आपल्याच घराच्या भिंती पाडत सुटतात.

ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू नाही पाहिलंस, तू जिना उतरून पळालास. प्यायला होतास म्हणून तिने गाडीची किल्ली मुठीत धरून ठेवली, एवढाच तिचा गुन्हा. तू केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलंस. ती खाली पडल्यावर बुटाच्या पायाने बरगडीखाली लाथ घातलीस. मी मध्ये पडले तर मलाही भिंतीवर फेकलंस. मनगट अजून सुजलंय, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. बघता बघता तिच्या अंगावर लाल चट्टे उठले, ओठ टरारून सुजले, घसा आवळला. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मग ती निळी पडली आणि फरशीवर टाचा आपटत राहिली. मी जिन्यात जाऊन बोंब ठोकली, तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरने तिला उचलून नेलं. दवाखान्यात तिचं पोट उघडलं तर आत रक्त आणि ते पाणी, दोन्ही. मेल्या, जंत इतकी वर्षं तिच्यात राहिला, त्याने तिला मारलं नाही. ज्या घरात राहायचं ते जाळायचं नसतं, एवढं त्यालासुद्धा कळतं. शरम कशी वाटत नाही रे तुला?

घसरली म्हण म्हणालास, तेव्हा क्षणभर मला वाटलं, म्हणून टाकावं. आईचं काळीज, वेडंच असतं. पण फुटलेल्या पिशवीतली पिल्लं तिच्या पोटभर विखुरलीत. गोळ्या चालू राहतील, तरी पुन्हा गाठी धरू शकतात. आणखी एक लाथ तिला झेपायची नाही, आणि तू ती घालशील, हे मला माहीत आहे.

म्हणून आज सकाळी चौकीत जाऊन मी पाहिलं ते सगळं सांगितलं. मित्राच्या गॅरेजवरच्या खोलीत तू लपलायस, हेही मीच सांगितलं. साहेबांकडे एवढंच मागितलं, की त्याला मारू नका, आधी हे पत्र त्याच्या हातात द्या. ते आता समोर उभे असतील. वाचून झालं की निमूट त्यांच्याबरोबर जा. मागच्या खिडकीतून उडी मारू नकोस, खाली सळ्या रचून ठेवल्यात, लागेल तुला.

काही केलं तरी तुझीच,
आई