कोंबडीच्या मागच्या सीटवर आई

ऑइलडेल, कॅलिफोर्निया
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय आर्डिथताईला धाकट्या डेल्मरचा मनापासून नमस्कार.

तुझी तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालतो, कारण ती बिघडली असती तर तू फोन करून मलाच झापलं असतंस. तुझ्या शेळ्या कशा आहेत? माझी टोपी खाणाऱ्या त्या एकशिंगीला मात्र माझा नमस्कार सांगू नकोस. तुमच्या टेहाचपीला आता थंडी पडायला लागली असेल, इथे अजून घामाच्या धारा आहेत. माझा नवा गुडघा एकदम उत्तम आहे (हे डॉक्टरांचं मत, गुडघ्याचं नाही). जेवण जातं, झोप लागते, आणि कोलीन रोज संध्याकाळी येऊन बाप जिवंत आहे ना ते बघून जाते. लेक गुणाची आहे, त्यात वादच नाही. फक्त आपण काही ठरवायला बसावं, तर तिचं ठरवून कधीच झालेलं असतं. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून.

बातमी अशी की घराचा व्यवहार झाला. पुढच्या महिन्यात मला म्हाताऱ्यांच्या त्या नव्या इमारतीत हलवायचं आहे. ‘‘डॅडी, तिथं रोज दुपारी बिंगोचा खेळ असतो,’’ असं कोलीन मला सांगते, जणू मी जन्मभर बिंगोवाचूनच अडून बसलो होतो. खोली छान आहे, खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. पण तिथे गॅरेज नाही, म्हणून पपांची गाडी, आपली कोंबडी, येत्या शनिवारी सकाळी जाणार. गिऱ्हाईक जावईबापूंनी शोधलंय. हमरस्त्यावर त्याचं खाण्याचं दुकान आहे. तो कोंबडीचं इंजिन काढणार, नाक कापणार आणि आत टेबल बसवणार. लोक आपल्या गाडीत बसून बटाट्याच्या काचऱ्या खातील. तुला आधीच स्पष्ट सांगतो, मला याचं काडीचंही दुःख नाही. अगं, लोखंड ते लोखंड. त्याला किती जीव लावायचा माणसानं?

तर त्या लोखंडाला देताना निदान धुऊन तरी द्यावं, म्हणून काल बादली घेऊन गॅरेजात गेलो, आणि कामाचं वाटोळं झालं. दार उघडल्याबरोबर तो वास आला. तेलाचा, तापलेल्या रबराचा, आणि खालून अजूनही थोडासा कोंबड्यांचा. प्रुएटकाकांच्या खुराड्यातून पपांनी ती ओढून आणली तेव्हा तू शाळेत जायला लागली होतीस, मला हे सगळं ऐकूनच ठाऊक. बत्तीस सालची फोर्ड, आणि स्टिअरिंगखाली एक पांढरी कोंबडी अंड्यावर बसलेली. तिला खाली उतरवलं तर दुसऱ्या दिवशी ती चालत आपल्या दारात हजर! आई म्हणाली, ‘‘ओर्वल, गाडी तिची आहे, तू फक्त चालव.’’ तेच नाव पडलं. मग पपांनी त्या काळच्या ऑइलडेलमधल्या प्रत्येक शहाण्या बापाने करावं तेच केलं. मडगार्ड काढले, बॉनेट काढलं, सायलेन्सर काढला, पळण्याच्या आड येईल ते सगळं काढलं आणि त्या जागी ट्रकएवढं इंजिन कोंबलं. झाली हॉट रॉड, म्हणजे सुसाट पळणारी गाडी. गल्लीतले बाप रविवारी एकमेकांच्या इंजिनात माना घालून उभे राहायचे आणि आया खिडकीतून हाका मारून थकायच्या.

आता टपाचं सांगतो (तुला माहीत आहे, पण तू दरवेळी पपांची बाजू घेतेस, म्हणून एकदा कागदावर येऊ दे). टप कापून बुटका केल्याशिवाय गाडीला रुबाब नाही, हा तेव्हाचा धर्म होता. खिडक्यांच्या उंचीतून आडवी पट्टी कापायची आणि वरचा भाग खाली आणून वेल्डिंग करायचं. किती कापायचा हे ज्याचं त्याने गाडीत बसून ठरवायचं. आता नेमकी तेव्हा सीट शिवायला दिलेली होती. तर हा आपला मोजूनमापून काम करणारा बाप पालथ्या बादलीवर बसला, आणि आईला बाहेर खडू घेऊन उभं केलं. ती विचारते, ‘‘एवढा?’’ हा आतून म्हणतो, ‘‘छे, भरपूर जागा आहे! आणखी चार बोटं घे.’’ टप कापला, जोडला, घासला. शेजारीपाजारी वा वा म्हणून गेले. मग सीट आली. ती बादलीपेक्षा चांगली वीतभर उंच! पपा बसले, मान वाकडी झाली. तशाच मानेने म्हणाले, ‘‘सीट चुकीची शिवलीय त्यानं.’’

आणि हट्ट बघ. सीट कमी करायची नाही, टपाला पुन्हा हात लावायचा नाही, कारण कापलेला टप परत उंच करणं म्हणजे गल्लीत नाक कापून घेणं. पपा उजवीकडे मान टाकून चालवायचे, शेजारी आई डावीकडे मान टाकून बसायची, आणि पहिल्याच खड्ड्यात दोघांची डोकी अशी आपटली की आईने तिथल्या तिथे गाडी थांबवायला लावली. ती उतरली, मागे गेली, डिकीतून उघडणाऱ्या त्या उघड्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, ‘‘चल आता.’’ त्या दिवसापासून आपल्याकडे उलटा कारभार. सगळ्यांच्या गाडीत मोठी माणसं पुढे आणि पोरं मागे वाऱ्यावर. आपल्यात पोरं बुटकी म्हणून पुढे, आणि घरची मालकीण मागे, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, मांडीवर झाकण बांधलेलं पातेलं. उंची वाढली की मागे बढती. तुझं डोकं टपाला लागलं त्या दिवशी तू शाळेत पेढे वाटल्यासारखी सांगत सुटलीस, आणि मी रात्री अंथरुणात पाय आखडून झोपायचो, वाढू नये म्हणून (पपांशेजारची जागा सोडवत नव्हती, दुसरं काय!).

मागून आईचा आवाज इंजिनापुढे टिकायचा नाही, म्हणून तिने लाकडी पळी जवळ ठेवली. टपावर एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे ‘ओर्वल, वळण मागे राहिलं.’ तीनच जास्त वाजायच्या. रविवारी चर्चला आपण पोचायचो तेव्हा पास्टर टॉलिव्हरांची प्रार्थना अर्ध्यावर थांबायची, कारण आत कुणाला काही ऐकूच जायचं नाही. एकदा ते दारातच गाठून म्हणाले, ‘‘ब्रदर ओर्वल, देव बहिरा नाही हो.’’ पपा म्हणाले, ‘‘म्हणूनच येतोय ते आधी कळवतो.’’ आणि त्यांच्यामागून आई आत शिरायची, तोंड धुळीने तपकिरी आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. तशीच गायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन उभी राहायची. कुणाची हसायची छाती नव्हती.

पण ताई, काल मला सगळ्यात जास्त आठवलं ते एल मिराजचं सुकं तळं. तुला आठवतं ना, भाकरीच्या तव्यासारखी ती सपाट जमीन, आणि एकेक गाडी वेळ मोजत पळवायचे ती? पपा वर्षभर त्या एका दिवसासाठी जगायचे. त्या दिवशी सकाळीच गाडीची तपासणी झाली, मग रांगेत ताटकळणं. आदल्या रात्रभर आई बटाटे उकडून सॅलड करत बसलेली. तिला ऊन सोसेना, म्हणून ती पातेलं घेऊन मागच्या सीटच्या खळग्यात उतरली, पाय दुमडले, वरून घोंगडी घेतली, झाकण येईल तेवढं ओढलं आणि गाढ झोपली. पपांना वाटलं ती पोरांबरोबर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेली. पलीकडच्या टोकाला आपण, आपल्याला वाटलं ती पपांपाशी आहे. झेंडा पडला. धुळीचा लोट उठला, आणि त्याच्या पुढे आपली कोंबडी अशी सुटली की माणसं टोप्या काढून बघायला लागली. मी नाचत होतो. तू मात्र एकदम माझा दंड धरलास आणि म्हणालीस, ‘‘डेल्या, आई कुठाय रे?’’

मी नाचायचा थांबलो. गाडी शेवटची रेघ ओलांडून लांब गेली आणि एकाएकी थांबली. नंतर पपांनी सांगितलं, रेघ ओलांडल्याबरोबर टपावर दोन टकटका ऐकू आल्या. आपण पळत पोचलो तेव्हा आई खळग्यातून उभी राहत होती. केसात, कानात, गळ्यात बटाट्याचं सॅलड, हातात पळी, आणि पहिला शब्द, ‘‘किती आला वेग?’’ वेळ मोजणारा माणूस हातातला कागद मागेपुढे करत म्हणाला की बाई, गाडीत दुसरं माणूस चालत नाही, ही धाव रद्द. आई उखडली, ‘‘रद्द कशी? माझं वजन काय फुकट नेलं होय? उलट वाढवून लावा!’’ तो बिचारा पपांकडे बघायला लागला, तर पपा गाडीला टेकून हमसून रडत होते. एवढा दांडगा माणूस. त्यांनी आईला मिठी मारली, सॅलड दोघांनाही लागलं, आणि आई त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, ‘‘आता पुरे रे, लोक बघतायत.’’ पुढे पपांनी किती इंजिनं बदलली, पण तो वेग पुन्हा कधी आला नाही. विचारलं की म्हणायचे, ‘‘मागे तुझी आई नव्हती ना.’’

हे सगळं आठवत काल मी मागचं झाकण उघडलं आणि चढून आत बसलो. चढायला जमलं. उतरायला गुडघ्याने साफ नकार दिला.  शेवटी कुणी नाही असं बघून टपावर बोटांनी दोन टकटका दिल्या. पुढे कुणी नव्हतं, ताई. संध्याकाळी कोलीन आली, तिला बाप डिकीत सापडला, मांडीवर बादली. तिने जावईबापूंना बोलावलं, दोघांनी मला उपसून काढलं, आणि ‘‘आता बघ, आमचा निर्णय बरोबरच आहे की नाही’’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. लेकीचे डोळे भरले होते, त्यामुळे मी तिला गाडी पुसायचं फडकं दिलं.

असो. इतकंच कळवायचं होतं. जे होतं ते बऱ्यासाठीच होतं, आणि मी अगदी आनंदात आहे. शेळ्यांना सांभाळ, स्वतःलाही सांभाळ, थंडीत कुंपणावरून उड्या मारू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
डेल्मर स्टकी

ता. क. १ : उड्या मारू नकोस असं वर लिहिलंय खरं, पण तू अजून मारतेस हे ऐकून बरं वाटतं. याचा अर्थ तुझे गुडघे शाबूत आहेत. कोंबडीचा क्लच दाबायचा तर मांडीत जोर लागतो, तो माझ्या गुडघ्याला आता झेपायचा नाही, आणि तो दोनदा दाबून गिअर टाकायचं पपांनी आपल्या दोघांनाच शिकवलं. शुक्रवारी कोलीन पाच वाजेपर्यंत कामावर असते. टेहाचपीची बस दुपारी येते.

ता. क. २ : टाकी भरून ठेवलीय. बॅटरी नवी घातलीय. चाकांत हवा आहे. याचा कशाशी काही संबंध नाही, मी आपला नीटनेटका माणूस आहे.

ता. क. ३ : खाण्याच्या दुकानवाला भला माणूस आहे, त्याच्याकडून अजून पैसे घेतलेले नाहीत. शनिवारी गॅरेज रिकामं दिसलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून तिथे पीच भरून भाजलेली एक पेस्ट्री ठेवून जाऊ. कोलीनला मी स्वतः सांगेन, समोरासमोर नाही जमायचं, तुझ्याकडून फोन करीन.

ता. क. ४ : तुझी गवत साठवायची ती शेड रिकामी असली तर कोंबडी तिच्यात सहज मावेल.

ता. क. ५ : तीन पानं झाली तरी हे लिहायचं धाडस होईना, आता टपालवाला येईल म्हणून लिहितो. गाडीला शेड मिळाली तर मला घरात एक खोली मिळेल का, तेवढं ठरवून ये. लहानातली लहान चालेल. तूही एकटीच, मीही एकटाच, आणि मला त्या इमारतीची फार भीती वाटते गं. मी आता पूर्वीसारखा खात नाही, आणि घोरतो कसा ते तुला लहानपणापासून ठाऊकच आहे.